विश्लेषण : मोतीबिंदू निघाला, दिसूही लागले; मग डोळ्याचा दाब कशाला तपासायचा?

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पहिल्या रात्री आणि पुढे दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डोळ्याचा दाब वाढू शकतो. माणगावसारख्या तालुक्यातला रुग्ण नेमका याच काळात दाब मोजणाऱ्या यंत्रापासून दूर, आपल्या घरी असतो.

भाताची झोडणी उरकली, दिवाळी पार पडली की दक्षिण रायगडात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची लगबग सुरू होते. पावसाळ्यात ओल, चिखल आणि लावणीची घाई. म्हणून ‘दिवाळीनंतर बघू’ असे घराघरांत आधीच ठरलेले असते. माणगाव तालुक्यात साठी-सत्तरीतले आईवडील गावात आणि मुले-सुना मुंबई, ठाणे, दिवा, विरारला, असे चित्र नवे नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया कुठे करायची हे अनेकदा ‘सोबत कोण येणार’ यावर ठरते. माणगावात उपजिल्हा रुग्णालय आहे; तरी डोळ्यासाठी कित्येक जण अलिबागचे जिल्हा रुग्णालय, पनवेलची धर्मादाय नेत्ररुग्णालये किंवा मुलाच्या घराजवळचे मुंबईतील रुग्णालय गाठतात.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचता येते, नातवाचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि मंडळी समाधानाने गावी परततात. पिशवीत दोन-तीन बाटल्या, एक काळा चष्मा आणि पुढच्या तारखेचे कार्ड. त्या तारखेला मात्र सगळेच जातात असे नाही. ‘दिसतंय की नीट, मग उगाच कशाला हेलपाटा?’ हा प्रश्न रास्त वाटतो. अडचण एवढीच, की डोळ्याचा दाब दिसण्यावरून कळत नाही. तो मोजावा लागतो.

डोळ्याचा दाब म्हणजे नेमके काय?

पहिला गोंधळ शब्दाचाच आहे. ‘दाब वाढलाय’ म्हटले की घरचे लोक रक्तदाबाचा पट्टा बांधून घ्यायला नेतात. बीपी नीट निघते आणि सगळे निर्धास्त होतात. रक्तदाब आणि डोळ्याचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नीट असताना दुसरा चढलेला असू शकतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाच्याही कितीतरी कमी. तो बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या अतिसूक्ष्म जाळीतून रक्तवाहिन्यांत उतरतो. दीड-दोन तासांत हे सगळे पाणी बदलले जाते. कोकणातल्या माणसाला हे समजावायला भाताचे खाचर पुरेसे आहे. वरच्या खाचरातून पाणी येते, बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते आणि मधे पाण्याची पातळी स्थिर राहते. ते तोंड चिखलाने बुजले, की वरून येणारे पाणी तेवढेच असूनही खाचर तुडुंब भरते. डोळ्यात फरक इतकाच, की तिथे बांधावरून वाहून जायला जागा नाही. पाणी साठले की दाब वाढतो आणि तो सगळ्यांत जास्त भोवतो डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेला.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ हा सर्वसामान्य पल्ला मानला जातो. त्याच्यावर गेलेला प्रत्येक जण काचबिंदूचा रुग्ण नसतो आणि त्याच्या आत असलेला प्रत्येक जण सुरक्षितही नसतो. पण शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना पहिला अंदाज देणारा आकडा हाच.

मोतीबिंदू काढल्यावर तो का चढतो?

आजच्या शस्त्रक्रियेत, मग ती फेको असो की छोट्या छेदाची बिनटाक्याची, नैसर्गिक भिंग काढून त्याच्या पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवले जाते. हे काम चालू असताना डोळा पिचकू नये आणि पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या, आतल्या नाजूक पेशी घासल्या जाऊ नयेत म्हणून डोळ्यात एक घट्ट, पारदर्शक जेल भरतात. हे जेल आले तेव्हा भिंगरोपण कितीतरी सुरक्षित झाले. सुरुवातीचे प्रसिद्ध जेल, हेलॉन, १९८० च्या सुमारास बाजारात आले. त्यातला मुख्य घटक त्या वेळी चक्क कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढला जाई. भारतात मिथाइलसेल्युलोजचे स्वस्त जेल मोठ्या प्रमाणावर वापरले जाते आणि कमी खर्चातल्या शस्त्रक्रियांना त्याचा मोठा आधार आहे.

शेवटी हे जेल धुऊन काढतात. कितीही काळजी घेतली तरी थोडे भिंगामागे किंवा कोपऱ्यात राहू शकते. ते घट्ट असल्याने जाळीतून सहज उतरत नाही. खाचराच्या तोंडात चिखल अडकावा तसे अडते. त्याच्या जोडीला शस्त्रक्रियेने आलेली सूज, सुटलेले रंगकण, कधी मोतीबिंदूचे राहिलेले बारीक तुकडे. परिणामी शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच दाब चढू लागतो आणि तो बहुतेकदा पहिल्या २४ तासांतच सर्वोच्च पातळी गाठतो. काही डोळ्यांत तो ३० च्या वर जातो.

यात घाबरण्यासारखे किती? नस निरोगी असेल तर फारसे नाही. जेल विरघळते, सूज उतरते आणि एक ते तीन दिवसांत दाब आपोआप खाली येतो. पुष्कळांना तो चढला होता हेही कळत नाही. पण ज्यांची नस काचबिंदूने आधीच झिजलेली आहे, त्यांच्या उरलेल्या दृष्टीला ही एक रात्रही महाग पडू शकते. अतिशय चढलेल्या दाबाने डोळ्याचा रक्तपुरवठा अडणेही शक्य असते. हे क्वचित घडते, पण घडले तर गेलेली दृष्टी परत मिळवणे कठीण असते.

उलट प्रकारही होतो. छेद नीट मिटला नाही आणि पाणी झिरपत राहिले तर दाब फार खाली जातो, आणि तेही चांगले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर केवळ ‘किती ओळी वाचता येतात’ एवढेच पाहत नाहीत.

‘अजून पिकला नाही’ची किंमत

शस्त्रक्रियेनंतरच्या दाबाची गोष्ट बऱ्याचदा शस्त्रक्रियेच्या वर्षभर आधी सुरू झालेली असते. मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा, ही समजूत गावात अजून घट्ट आहे. तिला एकेकाळी आधार होता. जुन्या पद्धतीत कच्चा मोतीबिंदू पूर्ण निघत नसे, मागे राहिलेला भाग त्रास देई, म्हणून डॉक्टरच थांबायला सांगत. पद्धत बदलली, सल्ला बदलला. समजूत मात्र राहिली. आता रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की मोतीबिंदू काढता येतो.

थांबण्याचा तोटा असा, की पूर्ण पिकलेले भिंग पाणी शोषून फुगते. फुगलेले भिंग बुबुळाचा रंगीत पडदा पुढे ढकलते, कडेची जाळी झाकली जाते आणि दाब एकदम चढतो. दुसऱ्या प्रकारात अतिपक्व भिंगातला द्रव बाहेर झिरपतो आणि त्यातल्या प्रथिनांनी जाळी बुजते. दोन्हींत डोळा लाल, असह्य ठणका, उलट्या. अशा डोळ्यात आधी औषधांनी दाब उतरवावा लागतो, मग घाईने शस्त्रक्रिया. सूज जास्त, काम अवघड आणि नंतरच्या दाबाचा धोकाही जास्त. शिवाय तोवर नसेला इजा झालेली असेल तर मोतीबिंदू निघूनही दृष्टी पुरती येत नाही. मग गावात चर्चा होते ती ‘ऑपरेशन फसले’ अशी.

२०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे पहिले कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच निघाले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतींचा वाटा ७.२ टक्के आणि काचबिंदूचा ५.५ टक्के होता. ७.२ टक्क्यांत सर्व प्रकारच्या गुंतागुंती येतात, एकट्या दाबाच्या नव्हेत. तरीही शस्त्रक्रिया न करण्याचा धोका तिच्या धोक्याच्या कितीतरी पट मोठा आहे हे या आकड्यांतून दिसते, आणि शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे सहज घेण्याजोगे नाहीत हेही.

जास्त जपायचे कोणी?

आधीपासून काचबिंदू असलेल्यांनी सर्वांत आधी. त्यानंतर ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे ते, मोठ्या उणे नंबरचा चष्मा असलेले, डोळ्याला पूर्वी मार लागलेले आणि मधुमेही. काहींच्या डोळ्यात वयोमानाने भिंगावर आणि बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढरा थर साचतो. तो तपासणीतच दिसतो आणि त्या डोळ्यांत दाब चढण्याची शक्यता जास्त असते. शस्त्रक्रियेत भिंगाची पिशवी फाटली असेल तर ते कार्डावर लिहिलेले असते. रुग्णाने ते विचारून घ्यावे. विचारण्यात डॉक्टरवर अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही.

दुसरी खिंड : थेंबांची बाटली

पहिली रात्र पार पडली, दाब नीट आहे, रुग्ण गावी पोहोचला. दुसरी वाढ होते ती आता आणि तिचे कारण डोळ्यात नसून हातातल्या बाटलीत असते.

शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरवायला स्टेरॉइडचे थेंब देतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही त्यांतली नेहमीची नावे; कधी ती प्रतिजैविकासोबत एकाच बाटलीत असतात. हे थेंब गरजेचेच आहेत. सुरुवातीला दिवसातून अनेकदा, मग दर आठवड्याला एकेक कमी करत साधारण चार ते सहा आठवड्यांत बंद, असा त्यांचा क्रम असतो. पण काही लोकांच्या डोळ्यातली निचऱ्याची जाळी स्टेरॉइडने हळूहळू घट्ट होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड बेकर आणि मन्सूर अर्माली यांनी यावर केलेले काम आजही पाया मानले जाते. आठवडेच्या आठवडे थेंब घातल्यास सुमारे एक-तृतीयांश लोकांत दाब मध्यम वाढतो आणि साधारण पाच टक्के लोकांत तो खूपच वाढतो. ही वाढ बहुधा दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसते. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, दिसणेही उत्तम असते. सगळे आलबेल वाटत असतानाच नस झिजत असते. ‘बरे वाटतेय’ म्हणून चुकवलेली तपासणी नेमकी इथे भोवते.

वेळेत लक्षात आले तर उपाय सोपा आहे. स्टेरॉइड थांबवतात किंवा दाबावर कमी परिणाम करणारे, लोटेप्रेडनॉलसारखे, सौम्य औषध देतात आणि काही आठवड्यांत दाब बहुतेकदा पूर्वपदावर येतो. मात्र रुग्णाने हे स्वतःच्या मनाने करायचे नाही. थेंब एकाएकी बंद केले तर सूज उलटते आणि सुजेनेही दाब चढू शकतो.

खरी गडबड होते ती औषध संपायच्या तारखेनंतर. डोळा जरा लाल झाला, खाज आली, धूळ गेली, की जुनी बाटली बाहेर येते. ती संपली की रिकामी बाटली दुकानात दाखवून तशीच दुसरी आणली जाते. शेजारणीचे डोळे आले तर तिलाही दोन थेंब. थेंबाने लाली लगेच जाते, त्यामुळे ‘हे औषध फार गुणाचे’ असा लौकिकही होतो. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने मनाई आहे. पण ओळखीच्या दुकानात चिठ्ठी मागितलीच जाईल याची खात्री नसते. महिनोन्महिने असे थेंब घालून कायमचा काचबिंदू ओढवून घेतलेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांना अपरिचित नाहीत. बाटली उघडल्यानंतर साधारण महिनाभरात टाकून द्यायची असते. शस्त्रक्रियेची बाटली फेकायला जीव होत नाही हे खरे. तिच्यावर पैसे गेलेले असतात. पण कोनाड्यात ठेवलेली ती बाटली पुढच्या वर्षी उपयोगी पडणारी वस्तू नव्हे.

दाब चढलाच तर डॉक्टर काय करतात?

तो किती चढला, नस कशी आहे आणि पारपटलावर सूज आहे का, यावर ते ठरते. निरोगी डोळ्यात दाब थोडा वाढलेला असेल तर नुसते लक्ष ठेवले जाते किंवा थेंब दिले जातात. टिमोलॉल, ब्रिमोनिडिन, डॉरझोलामाइड ही नेहमीची औषधे. त्यांतली बहुतेक पाणी तयार होण्याचा वेग कमी करतात. तोंड बुजले असेल तर वरून येणारे पाणी तरी कमी करायचे, असा हिशेब. काचबिंदूत एरवी आवडीने दिली जाणारी लॅटानोप्रोस्टसारखी औषधे या पहिल्या दिवसांत सहसा टाळतात. त्यांचा परिणाम हळू होतो आणि सुजलेल्या डोळ्यात ती सूज वाढवू शकतात.

टिमोलॉलबाबत एक गोष्ट रुग्णानेच सांगावी लागते. डोळ्यात घातलेले औषध नाकावाटे रक्तात जाते आणि दमा असलेल्यांना या औषधाने धाप लागू शकते. हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांनाही ते चालत नाही. गावातल्या वयस्क बायकांना ‘दमा आहे का’ विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. जन्मभर चुलीपुढे बसून जडलेला खोकला, चढावर लागणारी धाप याला त्या दमा म्हणत नाहीत. डॉक्टरने विचारायला हवे ‘धाप लागते का’ आणि सोबतच्या माणसाने न विचारता सांगायला हवे.

दाब बराच चढला असेल तर अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या काही दिवस देतात. त्यांनी बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते. हे अपेक्षित असते. मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा किंवा सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावे. फारच वेळ आली तर शिरेतून मॅनिटॉल दिले जाते. आणि एक उपाय असा, की ऐकणाऱ्याला धडकी भरावी: शस्त्रक्रियेत ठेवलेल्या बाजूच्या बारीक छेदाची कड निर्जंतुक अवजाराने किंचित दाबून डॉक्टर थोडे पाणी बाहेर सोडतात. दाब क्षणात उतरतो. काही तासांत तो पुन्हा चढू शकतो, म्हणून परत मोजतात. हे काम नेत्रतज्ज्ञाचे, भिंगाच्या यंत्रावर बसवून करायचे. घरी डोळा चोळून किंवा दाबून पाहणे म्हणजे ताज्या छेदाशी खेळ.

मोजतात कसा?

डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात बुबुळाला हलकेच टेकवायचे गोल्डमन यंत्र अजूनही प्रमाण मानले जाते. हवेचा झोत मारणारे यंत्र डोळ्याला स्पर्श करत नाही. नॉर्वेच्या यालमार श्यॉट्झ यांनी १९०५ मध्ये पुढे आणलेले, निजलेल्या रुग्णाच्या डोळ्यावर ठेवायचे छोटे उपकरण ग्रामीण भागात वर्षानुवर्षे वापरले गेले. पण ते बुबुळाला खोल दाबते, म्हणून नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला योग्य नाही. परतताना विचारायचा प्रश्न म्हणूनच असा: ‘गावाजवळ दाब मोजायचा झाला तर कुठे जाऊ?’ डोळ्यांचा दवाखाना जवळ असणे आणि तिथे योग्य यंत्र असणे, या दोन गोष्टी एक नाहीत.

‘पित्त झालंय’ म्हणून झोपवलेली रात्र

शस्त्रक्रियेच्या रात्री डोळ्यात थोडे खुपणे, पाणी येणे, धूसर दिसणे चालायचेच. पण भुवईवर आणि कपाळाच्या त्याच बाजूला ठणका वाढत गेला, साध्या गोळीने थांबेना, मळमळ किंवा उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत कडे दिसू लागले, तर तो दाब असू शकतो. आपल्याकडे डोकेदुखी आणि उलटी एकत्र आली की निदान तयार असते: पित्त. मग आल्याचा रस, कोकमाचे सरबत, दिवा मालवून झोप. उशिरापर्यंत उपाशी ठेवल्याने पित्त खवळले, अशी समजूतही निघते. एरवी हे बरोबरही असेल. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र कार्डावरचा फोन आधी, सरबत नंतर.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. तो बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवशी उठतो. दुखणे व लाली वाढत जाते आणि आदल्या दिवशी दिसत होते त्याहून कमी दिसू लागते. तिथे तासांचा हिशेब असतो. सकाळची पहिली एसटी पाहत बसायचे नाही.

पहिल्या दिवसाची तपासणी आणि माणगावचा रस्ता

ब्रिटनमध्ये अनेक रुग्णालयांनी साध्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेनंतरची दुसऱ्या दिवसाची तपासणी बंद केली आहे. फोनवर विचारपूस होते. त्यामागचा तर्क चुकीचा नाही, कारण सुदृढ डोळ्यातली वाढ आपोआप उतरते. पण तो तर्क तिथल्या रुग्णासाठी आहे, ज्याचा मोतीबिंदू सहसा लवकर निघतो आणि ज्याला त्रास झाल्यास गाठता येईल असा नेत्रविभाग असतो. पिकलेला मोतीबिंदू, आधी कधीच न तपासलेली नस आणि घरापर्यंत दोन वाहने बदलायची असतील, तर एक रात्र रुग्णालयात काढणेच शहाणपणाचे. गावात फक्त तपासणी, शस्त्रक्रिया मूळ रुग्णालयात, रात्री मुक्काम आणि सकाळी पट्टी काढून मगच गाडीने घरी, ही शिबिरांची पद्धत त्या दृष्टीने योग्यच आहे. मुलाच्या घरी मुंबईत शस्त्रक्रिया झाली असेल तर निदान आठवडाभर तिथेच राहावे. गावच्या गुरांची काळजी कोणीतरी घेईलच.

पुढच्या तारखांचे नियोजनही रस्ता पाहून करावे लागते. मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव आणि इंदापूरच्या बाजारपेठांत सुटीच्या दिवशी होणारी कोंडी जिल्ह्याला पाठ आहे. बाह्यवळण रस्ते वर्षानुवर्षे रखडले. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवार टाळून मधल्या वारी तारीख मागितली तर रुग्णालये सहसा नाही म्हणत नाहीत. माणगावला कोकण रेल्वेचे स्थानक आहे आणि दिव्याची सवारी गाडी तिथे थांबते, हा दुसरा पर्याय. गणपतीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये. पाठपुराव्याची तारीख नेमकी चाकरमान्यांच्या गर्दीत येते.

राहिला घरातला भाग. हात धुऊन एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिट-दोन मिनिटे हलका दाबायचा. औषध नाकात कमी उतरते. दोन बाटल्यांत किमान पाच मिनिटांचे अंतर. नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. वाचता न येणाऱ्यांसाठी बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले तरी भागते. वाकून काम केले, जड उचलले की दाब तेवढ्यापुरता वाढतो आणि छेदावर ताण येतो. त्यामुळे पहिले काही आठवडे लावणी, लाकडाच्या मोळ्या, विहिरीचे पाणी शेंदणे बंद. टीव्ही पाहिल्याने मात्र दाब वाढत नाही.

काचबिंदूचे थेंब सुटता कामा नयेत

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे इतकी जवळची, की एक काढला म्हणजे दुसराही गेला असा समज होतो. काचबिंदूचे थेंब मग आपोआप बंद पडतात. हे खरे, की जाड झालेले भिंग निघाल्यावर आतली जागा मोकळी होते आणि बऱ्याच जणांचा दाब पुढे काही मिलिमीटरने उतरतो. कोन अरुंद असलेल्या डोळ्यांत हा फायदा इतका ठळक असतो, की २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘ईगल’ या चाचणीने अशा रुग्णांत भिंग काढणे हाच पहिला उपचार असू शकतो असे दाखवले. पण थेंब कमी करायचे की थांबवायचे हे काही आठवड्यांनी दाब मोजून आणि नस पाहून ठरते. तोवर ते चालूच ठेवायचे. कोणते, हे शस्त्रक्रियेच्या वेळीच लिहून घ्यावे.

काही वर्षांनी भिंगामागची पिशवी धुरकटते आणि लेझरने ती मोकळी करतात. पाच-दहा मिनिटांच्या त्या कामानंतरही दाब काही तास चढू शकतो. म्हणून लेझरच्या आधी किंवा नंतर एक थेंब घालतात आणि जोखमीच्या डोळ्यात तासाभराने दाब पाहतात.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया बहुतेकदा काही महिन्यांनी आणि पुष्कळदा दुसऱ्याच रुग्णालयात होते. तिथे नव्याने केसपेपर निघतो आणि पहिल्या डोळ्याचा इतिहास गावी पत्र्याच्या पेटीत राहतो. पहिल्या वेळी दाब किती चढला होता, कोणत्या औषधाने उतरला, स्टेरॉइड मध्येच बदलावे लागले होते का, या तीन गोष्टी नव्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी कळल्या तर जेल धुण्यापासून थेंब निवडण्यापर्यंत त्यांना आधीच तयारीत राहता येते. म्हणून जुने कार्ड सोबत न्यायचे. त्यावर दाबाचा आकडा लिहिलेला नसेल, तर पहिल्या रुग्णालयातून घरी निघतानाच तो मागून लिहून घ्यायचा, दोन्ही डोळ्यांचा, तारखेसह.